आईच्या कबरीजवळ बाबांसाठी जागा: नागपुरात काय पाहावे, काय विचारावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई २०१९ मध्ये गेली. नागपुरातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, दफनभूमीत साध्या मातीच्या कबरीत तिला ठेवले. बाबा आता ८१ वर्षांचे आहेत आणि "मला तिच्याजवळच ठेवा" एवढेच म्हणतात. दफनभूमीची समिती सांगते की आईची कबर साडेपाच फूटच खोदलेली असल्यामुळे तिच्यात दुसरी शवपेटी बसणार नाही. मग एक तर नव्या भागात वेगळी जागा घ्यायची, नाही तर दहन करून अस्थी आईच्या कबरीत ठेवायच्या, नाही तर अस्थींसाठी भिंतीतला कोनाडा घ्यायचा. प्रश्न विचारणारी मुलगी पुण्याला, मुलगा मेलबर्नला. मुलाचे मत दहनाकडे आहे. बाबा यावर काही बोलत नाहीत. काय करावे?

ताई, नागपुरातल्या एका मंडळीच्या दफनभूमीची वही मी सव्वीस वर्षे सांभाळली. जागा आखून देणे, खोदणाऱ्यांना बोलावणे, पावती फाडणे, जुलैच्या पावसात खड्ड्यावर ताडपत्री धरून उभे राहणे, सगळे केले. त्यामुळे उत्तर लांबणार आहे. पण पहिली गोष्ट आधी सांगतो. तुमच्या प्रश्नात समितीचे म्हणणे आहे, भावाचे आहे, बाबांचे मात्र एकच वाक्य आहे. त्या वाक्यातल्या "जवळ"चा अर्थ बाबांना विचारल्याशिवाय कुठलीही जागा पाहायला जाऊ नका.

एक आजोबा मला आठवतात. त्यांना बायकोच्याच मातीत जायचे होते. पेटीतून जायचे की राख होऊन, याचे त्यांना काही नव्हते. दुसरे एक निवृत्त शिक्षक होते. त्यांनी पत्नीपासून आठ ओळी दूरची जागा समाधानाने घेतली, कारण तिथे उभे राहिले की तिचा क्रूस दिसायचा. पण "मला जाळू नका" हे त्यांनी माझा हात धरून सांगितले. दोघेही आधी "तिच्याजवळ" असेच म्हणाले होते. बाबा गप्प आहेत म्हणजे दहनाला कबूल आहेत, असे धरू नका. मुलांच्या अंगावर काम पडू नये म्हणून गप्प बसणारी माणसे मी फार पाहिली आहेत, आणि नंतर मुलांना ते कळले की त्यांची झालेली अवस्थाही पाहिली आहे.

हे विचारायचे ते आईच्या कबरीपाशी, दोघांनीच, सकाळी. व्हिडिओ कॉलवर भाऊ-वहिनींसमोर नको. घरात हा विषय काढला की म्हातारी माणसे "तुम्हाला बरे वाटेल ते करा" म्हणून मोकळी होतात. कबरीपाशी उभे राहिल्यावर तीच माणसे बोटाने जागा दाखवतात.

आता समितीचे म्हणणे. ते खरे आहे, आणि अडवणूक म्हणून नाही. हिशोब करून पाहा. कबर साडेपाच फूट. खालच्या पेटीची उंची दीड फूट धरली तर उरले चार. दोन पेट्यांमध्ये अर्धा फूट तरी माती हवी, उरले साडेतीन. वरच्या पेटीचे दीड फूट गेले की तिच्यावर जेमतेम दोन फूट माती येते. वरची माती तीन फुटांपेक्षा कमी आम्ही कधीच ठेवत नव्हतो. वास, कुत्री, पावसात माती खचणे, सगळ्यासाठी ती किमान मर्यादा आहे. २०१९ मध्ये तीच कबर सात फूट खोदली असती तर वर साडेतीन फूट माती मिळाली असती आणि आज हा प्रश्नच पडला नसता. म्हणून पती-पत्नींपैकी एकजण जाईल तेव्हा खोदणाऱ्याला "डबल खोल" म्हणून सांगा, हे मी प्रत्येक कुटुंबाला सांगायचो. त्या दिवशी ते कोणाला सुचत नाही. जे वाचत आहेत आणि ज्यांच्यावर ही वेळ अजून आलेली नाही, त्यांनी हे लक्षात ठेवावे.

काही जण म्हणतात, सहा-सात वर्षे झाली, आता खाली काय उरले असेल, खोल करून घ्या. आपल्याकडच्या काळ्या मातीत असे म्हणू नये. ती पाणी धरून ठेवते, हवा खाली जाऊ देत नाही, त्यामुळे मुरमाड जमिनीपेक्षा तिच्यात सगळे सावकाश होते. पाच-सहा वर्षांनी उघडलेल्या कबरीत पेटीची फळी शाबूत असलेली मी पाहिली आहे. तुमच्या आईच्या बाबतीत तुम्ही ते पाहू नये, एवढीच माझी इच्छा आहे.

मातीबद्दल सविस्तर सांगतो, कारण नागपुरात जागा निवडताना खरा फरक तिथेच पडतो आणि नेमके तेच कोणी पाहत नाही. लोक झाड पाहतात, फाटकापासूनचे अंतर पाहतात, शेजारी कोण आहे ते पाहतात. आपल्याकडे वर काळी कापसाची माती आणि तिच्याखाली मुरूम. काळी कुठे दोन फूट, कुठे सहा-सात. एकाच आवारात चढाच्या बाजूला हातभर खोदले की मुरूम लागतो आणि उताराच्या कोपऱ्यात तळापर्यंत काळीच. ही माती मे महिन्यात तडकते, भेगांत हात जाईल इतकी. जून-जुलैत पाणी पिऊन फुगते. वर्षातून एकदा फुगणार आणि एकदा आकसणार, त्यावर ठेवलेला दगड कसा सरळ राहील? जुन्या दफनभूमीत फिरताना तिरके झालेले क्रूस दिसतात, तेव्हा मुलांनी लक्ष दिले नाही असे लोक म्हणतात. बहुतेक वेळा मुलांचा काही दोष नसतो. खाली काळी असते.

आमच्याकडे खोदाई करणारे एक काका होते, सत्तरी उलटलेले. नवीन ओळ आखायची झाली की मी नकाशा घेऊन उभा राहायचो आणि ते सब्बल, म्हणजे पहार, टोचत फिरायचे. "इथं नका देऊ जी, पोचट हाय," म्हणायचे, किंवा "घ्या, मुरूम लागला, बिनघोर द्या." त्यांच्या सब्बलीने जे सांगितले ते कधी चुकले नाही. तुम्हीही समितीच्या माणसापेक्षा खोदणाऱ्याशी आधी बोला. त्याला विचारा: या ओळीत मुरूम किती फुटांवर लागतो? पावसाळ्यात खड्ड्यात पाणी येते का? मागच्या ऑगस्टमध्ये इथे कबर खोदली होती का, तेव्हा पाणी उपसावे लागले का? त्याला जमिनीचा आतला भाग माहीत असतो. आपल्याला फक्त वरचे गवत दिसते.

दगड-मुरमातले दफन नागपूरच्या आसपास फार जुने आहे. काटोल रोडवर जुनापाणीला, तिकडे माहुरझरीला, टाकळघाटला शिळावर्तुळे आहेत. मोठमोठे धोंडे गोलाकार मांडलेले आणि मध्ये दगडगोटे, मुरूम-मातीचा ढीग. लोहयुगातली ही दफने आहेत, अडीच हजार वर्षांहून जुनी. जुनापाणीला तर अशी शेकडो वर्तुळे आहेत. एकदा बाबांना बरे वाटत असेल तेव्हा घेऊन जा. मी माझ्या वडिलांना नेले होते. ते बराच वेळ एका धोंड्यावर हात ठेवून उभे राहिले आणि परत येताना गाडीत त्यांनीच आपल्या जागेचा विषय काढला. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची अशीच वर्तुळे पाहून परतताना पुराच्या नाल्यात बुडाले. आपल्याकडच्या पावसाळ्याला गृहीत धरू नये, असे ती हकीकत वाचताना दर वेळी वाटते.

नव्या भागातली जागा पाहायची तर पावसाळ्यातच पाहा. जानेवारीत सगळीच जमीन चांगली दिसते. हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस आपल्याकडे जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. मोठ्या सरीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी जा. पाणी कुठे तुंबले, कुठल्या ओळीतली माती बसली, भिंतीच्या कडेची नाली वाहते आहे की उलटी आत येते आहे, एका फेरीत दिसेल. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. नाल्याकाठच्या दफनभूमीत त्या रात्री पाणी कुठपर्यंत चढले होते, हे तिथल्या राखणदाराला विचारा.

मोठ्या झाडाखालची जागा सगळ्यांना हवी असते. नागपूरच्या उन्हात ते समजण्यासारखे आहे. तरी पिंपळ आणि उंबर यांच्यापासून पंधरा फूट तरी लांब राहा. त्यांची मुळे चौथरा फोडतात, आणि झाड तोडायला कोणी धजत नाही, तोडूही नये. कडुनिंबाचा त्रास कमी, पण बुंध्याला लागून खोदताना मुळे तोडावी लागतात आणि पुढच्या वादळात ते झाड कोसळू शकते. सावली जवळ असावी, डोक्यावर नसावी. बाहेरच्या रस्त्याला लागून असलेल्या भिंतीकडेची ओळही मी स्वतःच्या माणसासाठी घेणार नाही. शहर वाढते, रस्ते रुंद होतात, आणि पहिला हात त्या कडेलाच लागतो. शहराच्या विकास आराखड्यात त्या बाजूच्या रस्त्याची रुंदी किती दाखवली आहे, हे समितीला माहीत असायला हवे. नसेल तर त्यांनाही ते शोधायला लावा.

आणि वाट. मुख्य वाटेपासून कबरीपर्यंत दुसऱ्यांच्या कबरी न ओलांडता जाता येते का? आज तुम्ही जाल, दहा वर्षांनी तुमचे गुडघे तक्रार करतील. व्हीलचेअर जाईल इतकी वाट असलेल्या ओळीत जागा मिळत असेल, तर ती आईच्या कबरीपासून थोडी लांब असली तरी विचार करण्यासारखी आहे. नळ किती लांब आहे तेही पाहा. बादली घेऊन किती चालावे लागते, यावर कबरीवरची रोपटी जगतात की वाळतात ते ठरते.

आता कागद. इथे मी थोडा कडक बोलणार आहे, कारण यात चूक झाली की ती दुरुस्त करता येत नाही. समितीत मी नवीन होतो तेव्हाची गोष्ट. एका कुटुंबाने आईशेजारची जागा राखून ठेवली होती; पावती होती, पैसे भरलेले होते. पण पावती देणाऱ्याने वहीत नोंद केली नव्हती. बारा वर्षांनी वडील गेले, मुले पावती घेऊन आली, आणि त्या जागेत आठ महिन्यांपूर्वी दुसऱ्याच घरातली एक तरुण मुलगी ठेवलेली होती. कोणाला काय म्हणणार? आम्ही दोन ओळी सोडून जागा दिली, माफी मागितली. मोठा मुलगा काही बोलला नाही. पण त्यानंतर तो कधी त्या आवारात आलेला मी पाहिला नाही.

म्हणून पावती मिळाली की तिथेच थांबू नका. मूळ वही उघडायला सांगा. नाव, ओळ, जागेचा क्रमांक, तारीख, सगळे तुमच्या डोळ्यांनी वाचा आणि त्या पानाचा फोटो घ्या. नकाशावर जागा दाखवून घ्या. मग प्रत्यक्ष जागेवर जाऊन शेजारच्या दोन पक्क्या कबरींपासून फुटांत अंतर मोजून ते पावतीच्या मागे लिहा. लोखंडी खुंट्या चोरीला जातात, रंगाचे आकडे दोन पावसाळ्यांत पुसतात, पण ग्रॅनाइटच्या चौथऱ्यापासून "पूर्वेला सव्वाचार फूट" हे पन्नास वर्षे टिकते.

हेही समजून घ्या की तुम्ही जमीन विकत घेत नाही, तिथे दफन करण्याचा हक्क घेता. त्यामुळे "कायम" असा शब्द कोणी वापरला तर त्याचा अर्थ लेखी मागा. किती वर्षांसाठी? देखभालीचे पैसे थकले तर काय? मंडळीचे सभासदत्व सुटले तर? बाबांच्या आधी घरातले दुसरे कोणी गेले तर ती जागा त्यांना वापरता येईल का, आणि ते कोण ठरवणार? जोडीदार दुसऱ्या धर्माचा किंवा दुसऱ्या मंडळीचा असेल तर नियम काय? नागपुरात अशी घरे खूप आहेत, आणि पाळकसाहेब बदलले की तोंडी उत्तरेही बदलतात.

बाबांची इच्छा मृत्युपत्रात लिहून कपाटात ठेवू नका. मृत्युपत्र उघडेपर्यंत दफन होऊन गेलेले असते. साध्या कागदावर त्यांच्या हाताने चार ओळी लिहून घ्या: दफन की दहन, कुठली जागा, निर्णय कोणी घ्यायचा. एक प्रत पाळकांकडे, एक समितीकडे, एक भावाकडे. आणि एक तरी माणूस नागपुरातलाच ठरवा, शेजारी असो की नातलग, ज्याला ओळ आणि क्रमांक तोंडपाठ आहे. २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या लाटेत, मी रोज पाहत होतो, मुले दुसऱ्या शहरात अडकलेली, फोनवर निर्णय, आणि तिकडून विचारायचे, "काका, आमची जागा नक्की कुठे आहे?" ज्यांनी आधी लिहून ठेवले होते त्यांचे तेवढे तरी नीट झाले.

आता राखेकडे येतो. आपल्या लोकांत अजून बऱ्याच जणांना हे परके वाटते. मंडळीतल्या मोठ्यांना शरीर मातीलाच द्यावेसे वाटते, आणि त्या भावनेचा मी मान राखतो. पण राखेला कायमची जागा देणे नागपूरकरांना नवीन नाही. दीक्षाभूमीच्या स्तूपात बाबासाहेबांच्या अस्थी आहेत आणि लाखो लोक तिथे नतमस्तक होतात. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत दहनाला सहसा मनाई नसते, तरी तुमच्या पाळकांशी आधी बोला. कॅथलिक वाचकांसाठी सांगतो: रोमने १९६३ मध्ये दहनाला मोकळीक दिली. २०१६ च्या सूचनेत मात्र अस्थी दफनभूमीसारख्या पवित्र जागी ठेवाव्यात, घरी ठेवू नयेत, विखरू नयेत, वाटून घेऊ नयेत असे म्हटले आहे. २०२३ च्या डिसेंबरमध्ये त्यात थोडी सूट आली; अगदी लहानसा अंश कुटुंबाला महत्त्वाच्या असलेल्या जागी ठेवण्याचा विचार चर्चच्या संमतीने होऊ शकतो. आपले फादर काय सांगतात ते शेवटचे.

दहन अंबाझरी, मोक्षधाम, मानकापूर, जो घाट जवळ पडेल तिथे होते. तिथली पावती जपा, मृत्यूच्या नोंदीला ती लागते. नोंद २१ दिवसांच्या आत झाली की पुढची धावपळ टळते. लाकडाच्या चितेनंतर राख पुष्कळ असते, तीत लाकडाचीच जास्त. अस्थी वेचून घ्याव्या लागतात आणि हे काम घरच्यांनीच करावे, असे मला वाटते. परदेशात दहनानंतर अस्थी यंत्रात दळून बारीक करून देतात. त्या दोन-तीन किलो, साधारण तीन लिटरच्या डब्यात मावतात. आपल्याकडे त्या तुकड्यांच्या रूपात असतात, म्हणून डबा मोठा लागतो. दुकानातून शोभेचा कलश आधी आणू नका.

आईच्या कबरीत अस्थी ठेवायच्या तर पायाकडच्या किंवा डोक्याकडच्या टोकाला दोन फुटांचा खड्डा पुरतो. आईच्या पेटीला कुठेच धक्का लागत नाही. मातीचे मडके किंवा सुती पिशवी घ्या. स्टीलचा डबा मातीत तसाच पडून राहतो, मग मिळून जाण्याला अर्थ काय राहिला? राख फार खारी आणि तीव्र असते, नुसती ओतली तर त्या जागी गवतही येत नाही. तिच्यात चार-पाच घमेली माती मिसळा. आईच्या कबरीवर चौथरा बांधलेला असेल तर कुठली फरशी काढायची ते आधी मिस्त्रीला दाखवून ठेवा. आणि वहीत दुसरे नाव चढवून घ्या. जमिनीवर काही दिसत नाही म्हणून अस्थींची नोंद करायची राहून जाते, आणि पुढे कोणी ती जागा मोकळी समजून खोदायला घेते.

भिंतीतला कोनाडा मला स्वतःला कमी आवडतो, पण त्याचे सोयीचे दिवसही येतात, विशेषतः जिथे जमीन संपत आली आहे. तो घ्यायचाच झाला तर पश्चिमेकडे तोंड असलेली भिंत टाळा. मे महिन्यात तिच्यावर दुपारभर पंचेचाळीस अंशांचे ऊन पडते, गिलावा तडकतो आणि नुसत्या गोंदाने चिकटवलेली पाटी सुटते. पाटी स्क्रूने बसवतात का ते विचारा. वर छज्जा आहे का? आतले माप लेखी घ्या, बाहेरचे नको. एका कोनाड्यात किती कलश बसतात, मुदत किती, आणि मुदत संपल्यावर आतले कुठे नेतात? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर जिथे चाचरत मिळेल तिथे घेऊ नका. रांग खांद्याच्या उंचीची घ्या. सगळ्यात वरच्या रांगेत फूल ठेवायला शिडी मागणाऱ्या एका आजी मी पाहिल्या आहेत, त्या दृश्याने मला फार वाईट वाटले होते.

भावाची अडचण खरी आहे, तिला उडवून लावू नका. मेलबर्नहून यायला दीड-दोन दिवस लागतात आणि आपल्या उन्हाळ्यात तेवढे थांबणे सोपे नाही. पण थांबता येते. शवागारात किंवा घरी आणलेल्या बर्फाच्या पेटीत दोन दिवस नीट जातात. त्याहून जास्त थांबायचे असेल तर रासायनिक जतन करून घ्यावे लागते. "मी पोहोचणार नाही म्हणून दहन" हे कारण त्यामुळे पुरेसे नाही. दहनाला बाबांची मनापासूनची संमती असेल तर मात्र त्याला निवांत येता येईल, आणि अस्थी ठेवण्याचा विधी महिन्याभराने सगळे जमल्यावर करता येईल. हा दहनाचा मोठा फायदा आहे, तोही बाबांना सांगा. थोड्या अस्थी मेलबर्नला नेण्याचा विचार असेल तर मृत्यूचा दाखला आणि दहनाची पावती जवळ ठेवावी, डबा धातूचा नसावा म्हणजे विमानतळावर तपासणीत आतले दिसते, आणि त्या देशाचे नियम त्याने आधी विचारून घ्यावेत.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण नागपूरच्या घरांत हमखास निघतो: गावाकडे आपले संत्र्याचे शेत आहे, तिथेच का नाही? स्थानिक संस्थेच्या परवानगीशिवाय नेमून दिलेल्या जागेबाहेर दफन करू नका. शेजारच्या छत्तीसगढमधल्या एका गावातले प्रकरण जानेवारी २०२५ मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. मुलाला वडिलांना गावातच ठेवायचे होते. दोन न्यायमूर्तींची मते वेगळी पडली. एकांनी कुटुंबाच्या खासगी जमिनीवर दफन होऊ द्यावे असे म्हटले. शेवटी दूरच्या नेमलेल्या ख्रिस्ती दफनभूमीतच दफन करण्याचा आदेश झाला. तोपर्यंत सुमारे वीस दिवस शव शवागारात होते. आणि शेत उद्या विकले जाते. विकत घेणारा किती वर्षे तुम्हाला आत येऊ देईल?

माझे मत विचाराल तर असे आहे. बाबांना दहनाची अडचण नसेल तर आईच्या कबरीत अस्थी ठेवणे सगळ्यात चांगले. एकच जागा, एकच पाटी, आणि "तिच्याजवळ" याचा त्याहून सरळ अर्थ दुसरा नाही. त्यांच्या मनात थोडीही खळखळ असेल तर नव्या भागात मुरूम लागणारी जागा घ्या, आईची कबर दिसेल अशी मिळाली तर उत्तम, आणि भावाला तुम्ही स्वतः समजावून सांगा. ते काम बाबांवर टाकू नका. कोनाडा तिसरा.

नवी जागा घेतली तर पुढच्या बांधकामाची घाई करू नका. दफनानंतर माती बसते, काही वर्षांनी पेटी खचते तेव्हा पुन्हा बसते. एक पूर्ण पावसाळा जाऊ द्या, तोवर लाकडी क्रूस पुरतो. नंतर चौथरा बांधताना मिस्त्रीला सांगा की कबरीच्या चारी बाजूंनी वरची काळी काढून मुरूम भर, पाणी मारून थर थर धुमस कर, आणि चौथऱ्याचे वजन खोदलेल्या खड्ड्यावर न ठेवता दोन्ही टोकांना न खोदलेल्या जमिनीवर टेकणाऱ्या सिमेंटच्या बीमवर घे. याला थोडा खर्च जास्त येतो. माझ्या देखरेखीखाली असे बांधलेले चौथरे अजून सरळ उभे आहेत. पाटीवरचा मजकूर कोरायला देण्याआधी घरातल्या दोघांनी वेगवेगळा वाचा. ऱ्हस्व-दीर्घ, तारीख, वचनाचा अध्याय. ग्रॅनाइटवर खाडाखोड होत नाही.

आईच्या पाटीवर खाली मोकळी जागा आहे का, तेही या वेळी पाहून घ्या. ऑगस्टमध्ये एखाद्या शनिवारी या, पाऊस उघडल्यावर सकाळी साडेसातच्या सुमाराला, म्हणजे खोदणारे भेटतील. त्यांच्या सब्बलीने नव्या ओळीत दोन-तीन ठिकाणी टोचून पाहायला सांगा. बाबांसाठी घडीची खुर्ची बरोबर असू द्या, आणि ती आधी आईच्या कबरीपाशी मांडा.